डेकाटेभाऊंचं लिमिटेड

डेकाटेभाऊंना ‘किती वाजले’ असं विचारलं, की ते आधी ‘कशासाठी’ असं विचारतात.

मी नंदनवन वस्तीतल्या या गल्लीत नवीनच राहायला आले होते तेव्हाची गोष्ट. नळाची वेळ होत आलेली, आणि माझं भिंतीवरचं घड्याळ अजून खोक्यातच. शेजारच्या व्हरांड्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते. टेबलावर आठ-दहा घड्याळं पोट उघडून पडलेली. म्हटलं, वेळ विचारायला यांच्याइतका योग्य माणूस कुठं मिळणार? फाटकातूनच हाक मारली, “भाऊ, किती वाजले हो?”

त्यांनी मान वर केली नाही. “कोनत्या कामासाठी?”

“म्हणजे?”

“म्हंजे कामासाठी विचारून राहिले का असंच?”

मी टपाल कचेरीत काउंटरमागे उभा जन्म काढलेली बाई. लोकांना उलटे प्रश्न विचारायची मला सवय, ऐकून घ्यायची नाही. चांगलं सुनावणार होते, पण पहिलाच दिवस. “नळासाठी,” मी म्हटलं.

“नळासाठी सहा वाजून चार मिन्टं. बादली लावून घ्या, ताई.”

आणि खरंच, मी बादली लावते न लावते तोच पाणी आलं.

हळूहळू कळलं, की हा आगाऊपणा नव्हता, सिद्धान्त होता. वेळ ही कामाप्रमाणे द्यायची असते, असं भाऊंचं ठाम मत. औषध घ्यायचं असेल त्याला ते सेकंदासकट वेळ सांगतात. लग्नाला निघालेल्याला आधी पत्रिका दाखवायला लावतात. “मुहूर्त साडेसहाचा हाय ना? मंग आत्ता पाचच वाजले. जा घरी, पडा जराशे.” समोरच्या भोयरांच्या सुनेनं एकदा उगीच, बोलायला काहीतरी म्हणून वेळ विचारली. भाऊ म्हणाले, “काम नाही, तर वेळ कायले पायजे बाई? राहू दे जागेवर.” ती पोरगी आठवडाभर दुसऱ्या गल्लीनं जात होती.

नामदेवराव डेकाटे एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. टूलरूम म्हणजे जिथं यंत्रांचीच अवजारं घडवतात, तिथं केसाएवढं चुकलं तरी नग बाद. आपण खिशात पेन ठेवतो, तिथं भाऊ व्हर्नियर ठेवतात, जाडी मोजायची पकड. बाजारात भेंडी घेताना पकडीचा जबडा उघडून एकेक भेंडी मोजतात. त्यांच्या हिशोबानं ठराविक मापाच्या वरची भेंडी जरड निघते. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, “काका, भेंडी घ्याची हाय का तिचं लगन जुळवाचं हाय?”

कारखान्याची आणखी एक सवय त्यांनी घरी आणली, ती म्हणजे तपासणी चिठ्ठी. गुलाबी कागदांची एक वही आहे. वस्तू कोणतीही असो, तपासायची, निकाल लिहायचा, खाली सही. सही नाही तोवर ती वस्तू घरात ‘आली’ असं धरत नाहीत. कुकरच्या शिटीला चिठ्ठी, नव्या झाडूला चिठ्ठी. मी मोठ्या प्रेमानं कैरीचं लोणचं दिलं, तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या बरणीत गुलाबी कागद: ‘मीठ बरोबर. फोडी असमान. पास.’ असमान! मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला आणि त्यांच्याच अंगणात टाकला. ते म्हणाले, “फाडा ना, ताई. कार्बन कॉपी हाय.”

अशा माणसाशी संसार करणारी बाई कशी असेल, असं तुम्हाला वाटेल. शकूवहिनी त्यांच्यापेक्षा काकणभर सरसच. ती घरी शिवणाचा क्लास घ्यायची. नंदनवनातल्या निम्म्या मुली तिच्याकडं ब्लाउज बेतायला शिकल्या. बोलता बोलता, न बघता सुईत दोरा ओवायची. आणि खोटं तिला अजिबात खपत नाही. कोणी उगीच तारीफ केली तर हातातली कात्री खाली ठेवून विचारायची, “मन राखाले बोलून राहिली का खरं?”

आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यांना माणसाएवढ्या उभ्या करून साड्या नेसवायच्या, वर मुखवटे बसवायचे, तीन दिवस त्या घरच्या माहेरवाशिणी. साडी नेसवणं हे महाकठीण काम. गल्लीतल्या सात-आठ घरच्या महालक्ष्म्यांना साडी शकूवहिनीच नेसवायची. तिनं घातलेल्या मिऱ्या पाहिल्या की वाटायचं, देवी आत्ता चालायला लागेल.

मग तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बोटं, मग अख्खा पंजा. मांडीवर ठेवलेला हात आपोआप थरथरायचा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, असंही सांगितलं. आणि घरात बसवून ठेवू नका, हेही.

मागच्या वर्षी आमच्याच घरी ती ज्येष्ठेचा मुखवटा बसवत होती. बायका भोवती उभ्या. हात इतका थरथरला की मुखवटा कलंडला. पडला नाही, मी धरला. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “राहू द्या वहिनी, आम्ही करतो.”

ते कोणीतरी म्हणजे मी. चांगल्या मनानंच म्हटलं होतं, पण चांगल्या मनानं म्हटलेलंच जास्त लागतं. वहिनीनं पदर उजव्या हातावर ओढून घेतला, “बरं,” म्हणाली आणि घरी गेली. तो हात त्यानंतर मी पाहिलाच नाही. क्लास बंद. फाटकापर्यंत येणं बंद. मी गेले तर आतल्या दिवाणावर बसलेली असायची, उजवा हात पदराखाली. एकदा म्हणाली, “यंदा तुह्या घरच्या साडीसाठी दुसरी कोनी पाहून ठेवजो, मंदा.” मला माफी मागायची होती. पण ती कशी मागतात, तेच ठाऊक नाही. काउंटरवर कधी शिकले नाही.

आता तुम्हीच सांगा, बायको अशी कोपऱ्यात बसलेली असताना नवऱ्यानं काय करावं? तिला घेऊन चार ठिकाणी फिरावं, तिच्याशी बोलावं. आमच्या भाऊंनी काय केलं? भाऊंनी मनगटी घड्याळ बनवायला घेतलं!

झालं असं, की भाऊंना मोबाईलवर कुणीतरी एक परदेशी घड्याळ दाखवलं. अंतराळयानासारखा आकार, काटे नाहीत, किल्लीवर चालणारं, आणि जगात मोजकेच नग बनवलेले. किंमत एका फ्लॅटची. आपल्याला हेवा वाटेल, नाहीतर हसू येईल. भाऊंना राग आला. तावातावानं माझ्या फाटकाशी आले.

“ताई, इतका हुशार मानूस, काय डिझाइन काढलं हाय! पन बनवून कोनासाठी राहिला, हे त्यालेच मालूम नाही. मोजकेच नग म्हन्ते. पन कोनाचे? कोनत्या हातासाठी?”

“अहो, जो पैसे देईल त्याच्या हातासाठी!”

“मंग कायचं लिमिटेड?” ते म्हणाले. “लिमिटेड मी बनवतो. एकच नग.”

आणि बसले. दिवाळीपासून बसले ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धातू कातायच्या छोट्या लेथवर. भंगारवाल्याकडून विमानाच्या धातूचा एक तुकडा आणला होता, वजनाला हलका, रंगानं राखाडी. त्यातून कवच कोरलं. सगळी गल्ली त्यांना ‘लिमिटेडभाऊ’ म्हणायला लागली. पोरं मनगटावर ती चकाकणारी स्मार्ट घड्याळं दाखवून चिडवायची. भाऊ म्हणायचे, “हे घडी नाही रे बापा, मोबाईलचं लेकरू हाय. रोज रात्री दूध पाजा लागते त्याले.”

मी मात्र धुमसत होते. रोज पाहत होते, बाहेर लेथचं घरघर आणि आत वहिनी गप्प. एक दिवस बोललेच. “भाऊ, शोभतं का तुम्हाला? ती आत एकटी बसली आहे आणि तुम्हाला खेळणं सुचतंय!”

भाऊंनी भिंग काढलं. मला वाटलं, आता काही बोलतील. तर म्हणाले, “संध्याकाळी बसतो ना मी तिच्यापाशी. हात हातात घेऊन.” आणि भिंग परत लावलं.

हे खरं होतं. दिवेलागणीला खिडकीतून दिसायचं, दोघं दिवाणावर, पदराआड तिचा उजवा हात यांच्या हातात. तेवढ्यापुरता माझा राग जरा कमी व्हायचा. सकाळी लेथ सुरू झाला की पुन्हा चढायचा.

आषाढात लिमिटेड तयार झालं. भाऊंनी मला पहिल्यांदा दाखवलं, ते माझ्या रागाला मान देऊन असेल. मी काय अपेक्षेनं पाहिलं कोण जाणे. समोर होतं ते घड्याळ वाटतच नव्हतं. चिंचोक्यासारखं गुळगुळीत, एकही कोपरा नाही. काटे नाहीत, तबकडी नाही, चावी द्यायला बाजूचं बोंड नाही. वर नुसतीच पाठ. खिडकी होती ती कडेला, घालणाऱ्याच्या अंगाकडच्या बाजूला, आणि तिच्यात दोन बारीक रिळं फिरत होती, एकावर तास, एकावर मिनिटं. आकडे चांगले ठसठशीत. पट्टा बांगडीसारखा उघडा, हात सारला की आपोआप मिटणारा. उलटं केलं की पोटाला काच, आणि काचेतून दिसणारी एक इवलीशी हातोडी, दोन केसाएवढ्या स्प्रिंगांच्या मधे टांगलेली. मूळ यंत्र एका जुन्या लेडीज घड्याळाचं, हे भाऊंनी आपणहून सांगितलं. बाकी सगळं त्यांच्या हातचं.

खरं सांगते, सुंदर होतं. मी तसं म्हटलं नाही, पण होतं.

“खिडकी कडेला काहून?” मी विचारलं.

“मनगट वळवा लागत नाही.”

“पट्टा असा काहून?”

“एका हातानं घालता येते.”

“आणि चावी?”

“चावी हातोडी देते. हात हालला का हातोडी हालते, हातोडी हालली का चावी भरते.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “फ्युचर हाय, ताई. पुढच्या काळात लोकायले मनगट वळवाले बी वेळ नसन.”

मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाच खोटं बोलला आणि मी विश्वास ठेवला.

माझ्या धाकट्या बहिणीचा जावई, अभिजित, पुण्याचा. इथल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. घड्याळांचा त्याला भारी नाद. मी म्हटलं, या लिमिटेडचं काहीतरी चांगलं होऊ दे. भाऊंचं नाव होईल, चार लोक घरी येतील, त्या निमित्तानं वहिनीही बाहेर येईल. म्हणून एका रविवारी जावईबापूंना घेऊन गेले.

त्याच्या मनगटावर त्या दिवशी त्याचं सगळ्यात भारी घड्याळ होतं, अगदी भाऊंना राग आणणाऱ्या जातीचं. लिमिटेड, बिनकाट्यांचं, पाहून वाटावं आता उडेल. भाऊंनी ते हातात घेतलं, कानाला लावलं, व्हर्नियरनं मोजलं. कौतुकानं मान हलवली. “काम एक नंबर हाय, साहेब. रोज घालता?”

“छे हो काका! कलेक्शनचं आहे ते. आज तुम्हाला दाखवायला म्हणून काढलं. एरवी तिजोरीत असतं.”

“तिजोरीत?” भाऊंचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांना सांगितलंय, घरातल्या म्हातारीला आम्ही कुलूप लावून ठेवतो. “अंधारात? मंग ते वेळ कोनाले दाखवून राहते?”

जावई हसला. मग भाऊंनी लिमिटेड पुढं केलं आणि त्याचं हसू थांबलं. पाच मिनिटं तो ते उलटसुलट करून पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “मावशी, हे यांनी इथं बसून केलं? काका, हे मी मुंबईच्या माझ्या मित्रांना दाखवतो. असे वीस तरी मागतील तुमच्याकडं. फक्त आधी एक आठवडा मी वापरून बघतो. चालेल?”

माझी छाती अशी फुगली, जणू लेथ मीच चालवला होता.

भाऊ म्हणाले, “घेऊन जा ना. पन हातातून काढाचं नाही. झोपाले गेले तेव्हाच काढाचं. आनि काय होते ते खरं सांगाचं. मन राखाचं नाही.”

तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन. आवाज पडलेला. “मावशी, काकांना कसं सांगू? पहिल्याच संध्याकाळी बंद पडलं. मनगट झटकलं की दोन मिनिटं चालतं, पुन्हा बंद. डाव्या हातात घातलं, उजव्या हातात घातलं. बॅडमिंटन खेळून पाहिलं. दिसायला अप्रतिम आहे हो, पण चालत नाही.”

माझं डोकंच सुन्न झालं. आठ-नऊ महिने लेथ चालवला, बायकोला कोपऱ्यात बसवली, आणि हे फळ! मी जावयाकडून घड्याळ मागवून घेतलं. म्हटलं, त्याला कसं घालायचं ते कळलं नसेल. माझ्या हातात घातलं. पोळ्या लाटल्या, केर काढला, दुपारी भांडी घासली. भांडी घासता घासताच ते गचकलं. मी दोनदा झटकलं. मग रागानं पदरात गुंडाळून ठेवून दिलं.

रविवारी जावई आला आणि आम्ही दोघं अपराध्यासारखे भाऊंच्या व्हरांड्यात उभे राहिलो. मी घड्याळ टेबलावर ठेवलं. “भाऊ, राग नका मानू. पण हे चालत नाही.”

“बंद पडली?” भाऊ ताडकन उठले. “पक्कं? कितीदा?”

“काका, रोज,” जावई म्हणाला.

“दोनी हातात?”

“दोन्ही हातांत.”

“आनि तुमच्या, ताई?”

“माझ्याही. अर्धा दिवससुद्धा नाही.”

त्या माणसाचा चेहरा फुलला हो! मला वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी गुलाबी वही काढली, कार्बन घातला आणि लिहायला बसले. ‘पहिला हात, पुरुष, तरुण: बंद. दुसरा हात, स्त्री, निवृत्त: बंद.’ मग वही आमच्यापुढं सरकवली. “सही करा.”

जावयानं सही केली. मीही केली. म्हटलं, एकदाचं बाद करून टाका आणि तिच्याकडं लक्ष द्या. भाऊंनी वही परत घेतली आणि आमच्या सह्यांच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पास.’

“भाऊ!” मी ओरडलेच. “चालत नाही आणि पास?”

“या आत,” ते म्हणाले.

वहिनी दिवाणावर बसली होती, उजवा हात पदराखाली. जावयाला पाहून तिनं पदर आणखी ओढला. भाऊंनी चिठ्ठी फाडून तिच्या डाव्या हातात दिली.

“घे. म्या म्हन्लं तर मन राखून राहिले म्हन्तेस. आता वाच.”

तिनं वाचली. परत वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. “ही सही तुहीच हाय का वं, मंदा?”

“माझीच.”

“खरंच बंद पडली तुह्या हातात?”

“वहिनी, भांडी घासता घासता. दोनदा झटकली तरी नाही चालली.”

“यायच्या बी?”

“मी बॅडमिंटन खेळून पाहिलं, काकू,” जावई म्हणाला. काय चाललंय ते त्यालाही कळत नव्हतं.

“साहेब, तुमचा हात फार शांत हाय,” भाऊ म्हणाले. “हालते तवा एकदमच हालते, मंग घंटाभर चूप. त्या हातोडीले असा हात कामाचा नाही. तिले बारीक, सारखी थरथर पायजे. सेकंदाले पाच. तसाच स्प्रिंग लावला हाय म्या.” आणि मग बायकोकडं वळून, “आठ दिवसापासून सांगून राहिलो तुले, का ही घडी तुह्याच हातानं चालते. तू म्हने, चालत असन सगळ्यायच्याच हातानं. आता हाय ना दोन सह्या?”

मी तिथल्या स्टुलावर बसले. खिडकी कडेला, कारण तिला मनगट वळवता येत नाही. पट्टा एका हातानं मिटणारा, कारण थरथरत्या हातावर बकल लावता येत नाही. आणि मी बाई त्याला खेळणं म्हणाले होते.

वहिनी मात्र चिठ्ठीवरच अडली होती. “सेकंदाले पाच हे कसं मोजलं?”

भाऊ एकदम गडबडले. “ते... रोज संध्याकाळी नाही का बसत मी. तुहा हात घेऊन.”

“म्हंजे तुम्ही मोजून राहिले होते?” वहिनीचा आवाज चढला. “अहो, मले वाटलं, एवढ्या वर्षानं मानसाले माया आली!”

“दोनी सोबतच होत होतं, शकू,” भाऊ म्हणाले, आणि नसलेलं भिंग पुसायला लागले.

मग भाऊच हळू आवाजात, जावयाला तांत्रिक माहिती द्यावी तसं सांगायला लागले. “झोपेत तिचा हात बिलकूल चूप असते. म्या पाहेलं हाय. त्या वेळेपुरती चावी घडी आत भरून ठेवते. रातभर पुरते. सकाळी ती उठली का मंग घडी बी उठते.”

वहिनीनं चिठ्ठी दिवाणावर ठेवली. मग पदर बाजूला केला.

वर्षभरानं मी तो हात पाहिला. बारीक झाला होता. बोटं थरथरत होती, जणू न दिसणारी सुई धरलेली. तिनं तो भाऊंच्या पुढं केला, आणि आमच्यापुढंही. भाऊंनी लिमिटेड तिच्या हातात सारलं. पट्टा आपोआप मिटला. आधी क्षणभर काहीच नाही. मग आतून बारीक आवाज यायला लागला, टिक टिक टिक टिक, भरभर, हातोडी दोन्हीकडं आपटून चावी भरत होती. जावई गुडघ्यावर बसला आणि त्यानं कडेच्या खिडकीत पाहिलं. मिनिटाचं रीळ सरकलं.

“चालतंय,” तो म्हणाला. मग उठता उठता, “काका, याचे वीस नाही हो होणार.”

वहिनी हाताकडं पाहत होती. तिचा हात थांबत नव्हता, आणि ती तो थांबवायचा प्रयत्न करत नव्हती. मी हे वर्षभरात पहिल्यांदा पाहत होते.

“मंदा,” ती म्हणाली, “यंदा तुह्या महालक्ष्म्यायले साडी कोन नेसवून राहिलं?”

“कोणीच नाही,” मी म्हटलं. “मी कोणालाच सांगितलं नाही. सांगणारही नव्हते. वहिनी, मागच्या वर्षी मी तुम्हाला राहू द्या म्हटलं, ते... मला नव्हतं म्हणायला पाहिजे. फार चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली. मन राखणं तिला जमत नाहीच. “मिऱ्या वाकड्या येतीन, सांगून ठेवतो.”

“येऊ दे.”

आणि भाद्रपदात ती आली. भाऊ फाटकापर्यंत सोबत आले आणि परत गेले, आत पाऊल टाकलं नाही. बायका जमल्या होत्या. वहिनीनं मनगटावर पदर ओढला नाही. एरवी पाव तासात व्हायची ती साडी दीड तास चालली होती. एकेक मिरी तिच्या बोटांतून निसटायची, ती पुन्हा धरायची, पुन्हा निसटायची. घरात फक्त त्या हातोडीचा आवाज. दोनदा माझ्या ओठांवर ते जुने शब्द आले, सवय वाईट असते. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी पिऊन आले.

ज्येष्ठेच्या मिऱ्या बऱ्या आल्या. कनिष्ठेच्या पार डावीकडं कलल्या. काउंटरवर मी जन्मभर लोकांची पाकिटं कडेला कड लावून रचली आहेत, वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. तीन दिवस घरी माणसं येत होती, देवीपुढं वाकत होती, त्या मिऱ्या पाहत होती.

विसर्जनापर्यंत मी त्यांना बोट लावलं नाही.